तेरा उत्तरपत्रिकांतला बैल

त्या तेरा उत्तरपत्रिकांमध्ये कॉपी नव्हती. शेऱ्याखाली सही करतानाच मला ते माहीत होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या मित्राला तर नाहीच.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मित्रही फिजिक्सच शिकवतो, अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. ती तेरा मुलं त्याची होती. माझ्या एका शेऱ्यामुळे त्यांचं एक वर्ष गेलं, आणि तो ज्या प्रकारे शिकवत असे ते शिकवणंही गेलं. मी हे का केलं याचं उत्तर फार लहान आहे. मला त्याचा हेवा वाटत होता. आणि हेवा कशाचा, तर एका जर्मन शब्दाचा.

शब्द आहे ब्रेम्सश्ट्रालुंग. आमच्याकडे त्याला ब्रेमस्ट्रालंग म्हणतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तो येतो. वेगानं धावत आलेला इलेक्ट्रॉन जड धातूवर आदळतो, आतल्या अणुकेंद्राजवळून जाताना खेचला जातो, त्याचा वेग कमी होतो, आणि गेलेल्या वेगाची ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपानं बाहेर पडते. या किरणांना शंभरेक वर्षांपूर्वी जर्मन लोकांनी हे नाव दिलं, आणि इंग्रजी पुस्तकांनीही ते न बदलता जसंच्या तसं ठेवलं. मी वीस वर्षं फळ्यावर तो शब्द लिहीत होतो आणि सांगत होतो, "कंसात लिहा, ब्रेकिंग रेडिएशन." पोरं कंसात लिहीत होती. त्यापलीकडे त्या शब्दात काही असेल असं मला कधी वाटलंच नाही.

आता यातली लाजेची गोष्ट अशी की जर्मन शिकलेला मी होतो.

एम.एस्सी.ला आम्ही दोघं अमरावतीत एका खोलीत राहत होतो. मी वरूडकडचा, संत्र्याच्या बागा असलेल्या कुणब्याच्या घरातला. तो हिवरखेडचा, बौद्ध. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेले गडी. आमच्या घरीही सालदार होता. आम्ही दोघं या विषयावर कधी बोललो नाही. तो मला "पाटील" म्हणायचा, मी त्याला "मास्तर", आणि सगळं त्यातच येऊन जायचं.

तेव्हा गावात एक निवृत्त सर संध्याकाळी घरीच जर्मनचा वर्ग घेत. मी वर्षभर गेलो, प्रमाणपत्र मिळवलं, जाडजूड शब्दकोश विकत आणला. त्याला यायचं होतं, पण त्या वेळी त्याच्या शिकवण्या असत. मी परत आलो की तो विचारायचा, "आज काय शिकला बे?" मी दोन-चार शब्द सांगायचो. तो ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा. खोली सोडताना मी रद्दीचा गठ्ठा बांधत होतो. तो शब्दकोश मी त्यातून बाजूला काढला आणि त्याला म्हटलं, "घे, माझ्या काही कामाचा नाही." त्यानं तो घेतला, वर सहीही मागितली. मी सही केली.

त्यानंतर बरीच वर्षं आमचं वर्षातून दोन-तीनदा भेटणं होई. माझी पीएच.डी. झाली, शहरातलं मोठं कॉलेज मिळालं, परीक्षेच्या कामात नाव झालं. त्याला तालुक्याचं कॉलेज मिळालं. प्रयोगशाळेतली निम्मी उपकरणं बंद, आणि पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणारी. मी मनातल्या मनात आमचा हिशेब करून ठेवला होता आणि त्यात मी पुढे होतो. मला त्याच्याबद्दल प्रेम होतं हेही खरं आहे. माणूस आपल्या मागे असेल तर त्याच्यावर प्रेम करणं सोपं जातं.

मग एका वर्षी त्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मला पाठवलं. दुपारच्या बॅचला वेळ होता. तो म्हणाला, "पाटील, माहा तास आहे. मांगं बस, नाई तं स्टाफरूममधी पंख्याखाली झोप." मी मागच्या बाकावर बसलो.

त्यानं फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मध्ये दोन उभ्या रेघा मारल्या. तीन तुकडे केले. मग खडू टेबलावर ठेवला.

"हे पायलं काय, ब्रेम्स. गाडीचा ब्रेक तुमाले माईत आहे. पण गाड्या यायच्या आधीपासून हा शब्द हाय. तवा जर्मनीत अडेल घोड्याच्या नाकाले चिमटा लावत. चिमटा आवळला का घोडं गप उभं राहे. त्या चिमट्याले म्हणत ब्रेम्झं. पुढं तोच शब्द चाकाच्या ब्रेकले लागला. आता सांगा, आपल्याकडं नाकात काय असते?"

एक पोरगा म्हणाला, "सर, वेसण."

"कोणाच्या नाकात?"

"बैलाच्या."

"आन् बायकोच्या नाकात काय असते ते इचारू नको," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. तोही हसला, पण लगेच पुढे गेला. दुसरा तुकडा म्हणजे श्ट्राल, किरण. पण फार जुन्या जर्मनमध्ये श्ट्राल म्हणजे बाण. सूर्याचा बाण तो किरण. आणि शेवटचा 'उंग' म्हणजे क्रिया झाल्याची खूण, जसं आपण धावलं की धावणं म्हणतो. हे सगळं त्यानं माझ्या शब्दकोशात, शब्दाच्या शेवटी बारीक टायपात दिलेल्या माहितीतून काढलं होतं. मी तो टाईप कधी वाचलाच नव्हता.

"आता माह्याकडं पाहा," तो म्हणाला. "मी लहान होतो तं बापासंगं वावरात निंदणाच्या डवऱ्यामांगं जाओ. बैल जोरात निघाला का बाप कासरा ओढे. कासरा हातात, वेसण नाकात. कासरा ओढला का वेसण ताणे. बैल थांबे, पण नुसता थांबे काय? नाई. फुसकारा टाके. तो फुसकारा म्हणजे तुमचा क्ष-किरण. इलेक्ट्रॉन बैल आहे. केंद्र कासरा ओढून राहिलं. हलका ओढला, फुसकारा लहान. जोरात ओढला, फुसकारा मोठा. म्हणून हे किरण एकाच लांबीचे नसतात, सगळ्या लांबीचे असतात. आता पुस्तक उघडा आन् तो आलेख पाहा."

पोरांनी पुस्तक उघडलं. तो आलेख मी वीस वर्षं काढत आलो होतो. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा समजला. तेही त्या पोरांसोबत, मागच्या बाकावर बसून.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी मनातला जुना हिशेब पुन्हा मांडायला लागलो. शब्दकोश माझा, प्रमाणपत्र माझं, बैलजोड्या माझ्या घरी दोन. आणि वेसण, कासरा, फुसकारा हे सगळं त्याच्याकडे. मी लहानपणी बैल पाहिले ते ओट्यावर बसून. मला शिकायला ठेवायचं होतं म्हणून कासरा कोणी हातात दिलाच नाही. जे हात कासरा धरत होते ते त्याच्या वडिलांसारख्यांचे होते. आमच्या घरचं ज्ञान आमच्या घरात राहिलंच नव्हतं, ते त्याच्याकडे होतं, आणि आता त्यानं त्याला माझ्या शब्दकोशाची जोड दिली होती. हेव्याचा हा भाग मला सगळ्यांत उशिरा कळला. त्याचं कॉलेज माझ्यापेक्षा मोठं झालं असतं तर मला इतकं लागलं नसतं. पण सालदाराच्या पोरानं मला माझ्याच गोठ्यातली गोष्ट शिकवावी, हे लागलं. हे असं लिहिताना मला स्वतःची शरम वाटते, पण ते तसंच होतं.

तासानंतर चहा पिताना तो म्हणाला, "काहून बे पाटील, गप काहून? आवडलं नाई काय?"

"आवडलं की," मी म्हणालो. "पण परीक्षेत असं लिहून चालणार नाही."

"काहून नाई चालत? खोटं आहे काय?"

"खोटं नाही. पण पुस्तकात नाही."

"मंग पुस्तकवाल्याले सांग ना," तो म्हणाला आणि हसला. "तुह्या घरी तं बैल होते. तूच लिही एखादं पुस्तक."

पुढच्या महिन्यात मी अमरावतीला माझ्या वर्गात तोच धडा घेतला. मीही शब्दाचे तुकडे केले. घोड्याचा चिमटा सांगितला. मग म्हणालो, "समजा शेतकऱ्यानं हातातली वेसण ओढली."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, हातात कासरा असतो. वेसण नाकात असते."

वर्ग हसला. मीही हसलो. मग शहरातल्या एकानं विचारलं, "सर, फुसकारा म्हणजे शिंक का?" मला सांगता येईना. फुसकारा कसा असतो, बैल मान वर करतो की खाली, आधी थांबतो की आधी सोडतो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "ते जाऊ द्या, कंसात लिहा." तो तास माझ्या नोकरीतला सगळ्यांत वाईट तास होता. आणि मी त्याचा राग मुलीवर धरला नाही, स्वतःवर धरला नाही, मित्रावर धरला.

हे झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मे महिना. तेव्हा पेपर संगणकावर तपासत नसत. विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांचे गठ्ठे अमरावतीत येत आणि मोठ्या हॉलमध्ये कूलर लावून आम्ही पंधरा-वीस जण तपासत बसत असू. उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, कॉलेज नसतं, पण एका केंद्राचा गठ्ठा एकत्रच येतो. मी त्या पेपरचा मॉडरेटर होतो. इतरांनी तपासलेल्यातून काही पेपर पुन्हा पाहायचे आणि कुठे शंका आली तर निर्णय द्यायचा, हे माझं काम.

दुपारी धामणगावकडचे एक तरुण सर एक गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"सर, हे पाहा. यात बैल आहे."

"कुठे बैल?"

"ब्रेमस्ट्रालंगमध्ये. तेरा पोरांच्या उत्तरात बैल आहे. आणि एक घोडाही आहे."

बाजूच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "बाजार भरला का रे?"

मी पेपर घेतले. मोडक्या इंग्रजीत, पण एकाच क्रमानं, तेराही ठिकाणी: घोड्याच्या नाकाचा चिमटा, बैलाच्या नाकातली दोरी, केंद्र दोरी ओढतं, इलेक्ट्रॉन थांबतो, त्याचा श्वास जोरानं बाहेर पडतो तो क्ष-किरण. वाक्यं जवळजवळ सारखी. मला तो वर्ग दिसला. फळ्यावरच्या दोन उभ्या रेघा दिसल्या.

इथे बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सारखं उत्तर येणं ही नवलाची गोष्ट नाही. बाजारात गाईड मिळतं, त्यातलं वाक्य चारशे पोरं पाठ करून उतरवतात, स्वल्पविरामासकट. त्याला आम्ही पूर्ण गुण देतो. कोणी शंका घेत नाही, कारण ते वाक्य आम्हालाही पाठ असतं. पण जे वाक्य गाईडात नाही आणि तरी तेरा पेपरांत आहे, ते आलं कुठून? एखाद्या शिक्षकानं ते वर्गात सांगितलं असेल आणि पोरांच्या ध्यानात राहिलं असेल, असं आम्हा वीस जणांपैकी कोणाच्या मनात येत नाही. पहिलं मनात येतं ते एकच. परीक्षेच्या हॉलमध्ये कोणीतरी सांगितलं.

"सर, काय करू?" तरुण सरांनी विचारलं. "तसं पाहिलं तर उत्तर बरोबर वाटतं. गुण देऊन टाकू का?"

ते तरुण सर प्रामाणिक होते. त्यांना माझा 'द्या' हा एकच शब्द हवा होता.

मी पेपर चाळत राहिलो. त्यातला एक वेगळा होता. अक्षर बारीक, तिरकं. बैलापर्यंत सगळं सारखं होतं, पण पुढे तिनं स्वतःचं लिहिलं होतं. ती मुलगी होती हे मला नंतर कळलं. तिनं लिहिलं होतं, की बैल जर एका झटक्यात जागीच थांबला तर त्याची सगळी धाव एकाच फुसकाऱ्यात निघून जाईल, त्याहून मोठा फुसकारा असूच शकत नाही, आणि म्हणून आलेखाला एका बाजूला कडा आहे. हे त्यानं त्या दिवशी वर्गात सांगितलं नव्हतं. पुस्तकात त्या कडेचं समीकरण होतं, बैल नव्हता. ते तिनं स्वतः विचार करून काढलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. कॉपी करणारा पोरगा असं लिहीत नाही. माझ्या हातात पुरावा होता की कॉपी झालेली नाही.

तो पेपर वाचून हेवा कमी व्हायला हवा होता. तो वाढला. वीस वर्षांत माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यानं माझं बोलणं धरून त्याच्या पुढचं पाऊल टाकलेलं मला आठवत नाही.

मी म्हणालो, "हे कुठल्याच पुस्तकात नाही. तेरा जणांना एकच बैल कसा सुचतो?"

"म्हणजे कॉपी?"

"मला काय वाटतं ते लिहितो. पुढचं परीक्षा विभाग पाहील."

मी लिहिलं: 'अप्रमाणित मजकूर, तेरा उत्तरपत्रिकांत शब्दशः समान. केंद्रावर सामूहिक गैरप्रकाराची शक्यता. चौकशी व्हावी.' आणि सही केली. तिचा पेपर मी वेगळा काढू शकलो असतो. मी तो गठ्ठ्यात मधोमध ठेवला.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गिला वडा खाल्ला. मीही खाल्ला. झोपही लागली.

निकाल लागला तेव्हा त्या तेरा जणांचा राखून ठेवलेला होता. जूनच्या अखेरीला चौकशीसाठी त्यांना एकेक करून अमरावतीला बोलावलं. प्रत्येकानं एकच सांगितलं, "आमच्या सरांनी शिकवलं." त्यातून शंका आणखी वाढली, कारण त्या दिवशी हॉलवर देखरेख करणाऱ्यांत माझा मित्रही होता. त्यालाही बोलावलं. तो म्हणाला, हे वाक्य माझं आहे, मी दरवर्षी वर्गात सांगतो. समितीनं नोट्स मागितल्या. त्याच्याकडे नोट्स नव्हत्या, तो फळ्यावर शिकवतो. तेव्हा त्यानं लेखी दिलं की अमरावतीच्या अमुक कॉलेजातल्या माझ्या मित्रानं हा तास स्वतः ऐकलेला आहे, त्यांना विचारावं. मित्र म्हणजे मी. मॉडरेटर कोण हे गुप्त असतं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. वयस्कर, सरळ मनाचे गृहस्थ. "या सर, पाच मिनिटांचं काम आहे."

मी गेलो. त्यांच्यासमोर माझा शेरा होता आणि त्याचं पत्र होतं. दोन्ही शेजारी शेजारी.

ते म्हणाले, "मोठा योगायोग आहे सर. शेरा तुमचा आणि साक्षीदारही तुम्हीच. मी आपलं विचारतो. तुम्ही हा तास ऐकला होता का? ऐकला असता तर तुम्ही शेरा मारलाच नसता, असं मला वाटतं. बरोबर ना?"

त्यांनी ते मला सोडवण्यासाठीच म्हटलं होतं. पण त्यात मी पुरता अडकलो. हो म्हणालो तर शेरा जाणूनबुजून मारल्याचं कबूल होत होतं.

"मी प्रॅक्टिकलला गेलो होतो त्यांच्या कॉलेजात," मी म्हणालो. "तास ऐकल्याचं आठवत नाही."

"नीट आठवून पाहा. घाई नाही. पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे."

ते थांबले. चांगली दोन-तीन मिनिटं थांबले. पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला. एवढा वेळ मला कोणी दिला नसता.

"नाही आठवत," मी म्हणालो.

"तसं लिहू?"

"लिहा."

तेराही जणांचा तो पेपर रद्द झाला. हिवाळी परीक्षेत त्यांनी तो पुन्हा दिला, आणि अकरा जण पास झाले. माझ्या मित्राला पाच वर्षं परीक्षेच्या सगळ्या कामातून बाद केलं. शिक्षा म्हणून ती मोठी नव्हती. पण लहान गावात लोकांना एवढंच पुरतं. सर पोरांना हॉलमध्ये उत्तरं सांगतात, ही गोष्ट बसस्टँडवर पोहोचायला एक दिवस लागला.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा बायकोनं उचलून माझ्या हातात दिला.

"अबे पाटील," तो म्हणाला, "तुह्यं नाव मी लिहून देल्लं. तुले इचारलं बी नाई. तुले तरास झाला असन."

"नाही रे, त्रास कसला."

"नाई आठवत तं नाई आठवत. तू किती कॉलेजात जातं, माणूस किती ध्यानात ठेवन? मले राग नाई. मीच घाईत नाव टाकलं. तू बी मनात काई ठेवू नको."

मी "बरं" म्हणालो. तेवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "काय म्हणत होते?" मी म्हणालो, "काही नाही, खुशाली." त्यानं माझी माफी मागितली होती, आणि मी ती घेऊन ठेवली होती.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो. लग्नांत, दुःखाच्या प्रसंगी. तो पहिल्यासारखाच बोलायचा. मीच वाक्यं मोजून बोलायला लागलो. लोकांना वाटायचं, वयानुसार शांत झाला.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला काम निघालं. तिथून मी त्याच्याकडे गेलो, या वेळी सांगायचंच असं ठरवून. एसटीत वाक्य तयार केलं होतं. कॉलेजात पोहोचलो तर तो वर्गात निघाला होता. म्हणाला, "बस मांगं. अर्ध्या घंट्यात मोकळा होतो."

मी त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलो. धडा तोच निघाला. मी ठरवून गेलो नव्हतो, पण डिसेंबरात तो धडा येतोच. त्यानं फळ्यावर शब्द लिहिला. शब्दात रेघा मारल्या नाहीत. समोर कंस केला आणि लिहिलं, ब्रेकिंग रेडिएशन. मग पान नंबर सांगितला. "पुस्तकात हाय तसंच लिहा. शब्द बदलू नका." पोरांनी माना खाली घातल्या आणि उतरवून घेतलं. कोणी हसलं नाही. कोणी काही विचारलं नाही.

आणि मला बरं वाटलं. क्षणभर का होईना, वाटलं. आता तो माझ्यासारखंच शिकवत होता. मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो होतो की हेवा केव्हाच गेला, उरली आहे ती फक्त टोचणी. ते खरं नव्हतं. हेवा तिथेच मागच्या बाकावर माझ्याआधी येऊन बसलेला होता.

तास संपल्यावर मी विचारलं, "ते बैलाचं सांगत नाहीस आता?"

"नाई सांगत."

"काहून?" माझ्या तोंडून वऱ्हाडी निघालं.

"पोरं लिहून देतात," तो म्हणाला. हातावरचा खडू झटकत होता. "मले मजा येते, भोगतात ते."

मग त्यानंच त्या मुलीचं सांगितलं. तिला बाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला जागा मिळाली होती. मुदतीत निकाल हातात नव्हता, जागा गेली. दुसऱ्या वर्षी घरच्यांनी थांबायला नकार दिला. बी.एड. केलं. आता हिवरखेडजवळ एका खासगी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. "डोकं होतं तिले," तो म्हणाला. "मी सांगे त्याच्या पुढचं इचारे. त्या चौकशीत मले म्हणे, सर, मी तं शेवटचं माह्या मनानं लिहिलं होतं, ते बी कॉपी धरलं. मी काय सांगणार तिले?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तो माझ्याकडे पाहत होता आणि उत्तर माझ्याजवळ होतं. मी म्हणालो, "चहा घेऊ या." तो म्हणाला, "चाल."

चहा झाला. त्यानं मला बसस्टँडपर्यंत गाडीवर सोडलं आणि एसटी सुटेपर्यंत उभा राहिला.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं मी धरत नाही. मॉडरेटर मी होतो, तो तास मी पूर्ण ऐकला होता आणि समितीसमोर मी खोटं बोललो, हे माझ्या सहीनं परीक्षा विभागाला कळवायचं आहे. म्हणजे त्याचं आणि त्या तेरा जणांचं नाव तिथल्या कागदावर तरी साफ होईल. पण ते पत्र जाण्याआधी त्याच्या घरी जाऊन हे त्याला तोंडानं सांगायचं आहे. हिवरखेडजवळच्या त्या शाळेतल्या बाईंना सांगायचं आहे की त्यांचं उत्तर मी वाचलं होतं आणि ते पूर्ण गुणांचं होतं. यातलं एकही काम मी अजून केलेलं नाही.